गोकर्णी : कुंपणावरून शेतात



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांना झाडाझुडपांची ओढ होती. म्हणून यंदाचं एक पुष्प एखाद्या वनस्पतीवर असावं, असं संयोजकांनी सुचवलं. मी ऊस घेईन, डाळिंब घेईन किंवा केळी घेईन, असं त्यांना वाटलं असेल. मी गोकर्णी घेतली आहे.

इथे बसलेल्यांपैकी गोकर्णी कुणाला ओळखू येत नाही? शाळेच्या तारेच्या कुंपणावर, फाटकाच्या कमानीवर, देवळामागच्या बोरीच्या काट्यांवर ती चढलेली असते. निळी असते, पांढरी असते, एकेरी असते, दुहेरी पाकळ्यांची असते. सकाळी परडीत चार फुलं पडतात आणि पिंडीवर जातात. दसऱ्याला अपराजितापूजन सांगितलं आहे. ती अपराजिता म्हणजे हीच, असं मानणारी घरंही पुष्कळ आहेत. इतकी ओळखीची वेल, मग तिच्यावर तासभर बोलायचं काय?

माझं म्हणणं असं आहे की आपण तिचं फूल पाहिलं आणि तिथेच थांबलो. तिच्या पाल्याकडे पाहिलं नाही. मुळ्या तर उकरून पाहिल्याच नाहीत. त्यातच अलीकडे तिच्या निळ्या चहाचा इतका गाजावाजा झाला की शेतकऱ्याचं उरलंसुरलं लक्षही फुलावरच गेलं. आज मला तुम्हांला फुलापासून मुळीपर्यंत न्यायचं आहे. कारण आपल्या काळ्या जमिनीला आणि आपल्या गोठ्याला तिचा जो उपयोग आहे, तो फुलाच्या खाली आहे.

तरी सुरुवात फुलापासूनच करू. उद्या सकाळी एक फूल हातात घ्या. ही वेल शेंगवर्गातली. म्हणजे वाटाणा, तूर, चवळी, हरभरा यांचं सख्खं भावंड. वाटाण्याचं फूल आठवा. त्याची सगळ्यांत मोठी पाकळी वरच्या बाजूला उभी असते. गोकर्णीत ती खाली आडवी पसरलेली असते. का? कारण उमलताना हे फूल देठावर अर्धा वळसा घेतं आणि उलटं होतं. मोठी पाकळी खाली आली की मधमाशीला उतरायला जागा मिळते, आणि पुंकेसर व कुक्षी आता तिच्या डोक्यावर असतात. माशी आत शिरली की पराग तिच्या पाठीला लागतो. वाटाण्याच्या कुळात बहुतेक ठिकाणी तो पोटाला लागतो. आणि एवढा थाट करूनही ही वेल माशीवर विसंबून राहत नाही. पुष्कळदा ती स्वतःच्याच परागावर शेंग धरते. म्हणून दारातल्या एकट्या वेलीलाही शेंगा भरघोस लागतात.

आता ही वेल मूळची कुठली? आफ्रिकेची म्हणावं की आपल्या बाजूची, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचं एकमत नाही. उष्ण प्रदेशात ती इतकी सर्वदूर आणि इतक्या जुन्या काळापासून आहे की तिची वाट मागे शोधत जाणं अवघड झालं आहे. लिनियसनं १७५३ साली तिला शास्त्रीय नाव दिलं, क्लिटोरिया टर्नेटिया. त्यातलं टर्नाटे हे इंडोनेशियातलं लवंगांचं बेट. पण त्याच्याही आधी तिची नोंद झाली ती आपल्या किनाऱ्यावर, आणि त्या कामात आपल्या भाषेच्या शेजारची माणसं होती. डचांचा कोचीनचा अधिकारी व्हान ऱ्हीड यानं मलबारातल्या वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यात गोकर्णी आहे, चित्रासकट, आणि शंखपुष्पी या नावानं आहे. या ग्रंथाला माहिती कुणी दिली? इट्टी अच्युतन नावाचे मल्याळी वैद्य, आणि त्यांच्या बरोबरीनं रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट हे तिघे कोकणी वैद्य. हा कोकणी समाज पोर्तुगीज अमलात गोव्यातून कोचीनला गेलेला. या तिघांनी दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात कोकणी भाषेत, नागरी अक्षरांत छापलेलं आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या हॉलंडमधल्या छापील पानावर नागरी अक्षरं! मला हे दर वेळी सांगावंसं वाटतं, कारण वेलींची माहिती पुस्तकात जाण्याआधी कुणाच्या तरी तोंडी असते, आणि त्या माणसांची नावं सहसा राहत नाहीत. या तिघांची राहिली.

याच ठिकाणी औषधाचा विषय उरकून घेतो. केरळात शंखपुष्पी म्हणजे गोकर्णी. उत्तरेकडे त्याच नावानं जमिनीवर पसरणारी, लहान फुलांची वेगळीच वनस्पती वापरतात. त्यामुळे बाटलीवर शंखपुष्पी लिहिलेलं दिसलं की आत कोणती आहे, हे विचारायला हवं. बुद्धी आणि स्मरणशक्तीसाठी गोकर्णीचं मूळ आयुर्वेदात सांगितलं आहे. मणिपालच्या वैद्यकीय महाविद्यालयात उंदरांवर त्याचे प्रयोगही झाले आणि त्यांत स्मरणाच्या बाबतीत चांगले निष्कर्ष आले. पण उंदरावरचा प्रयोग म्हणजे मुलाच्या परीक्षेचं औषध होत नाही. आणि हे नीट ऐका, विशेषतः माता-भगिनींनी: गोकर्णीचं मूळ आणि बिया तीव्र रेचक आहेत. लहान मूल शेंग सोलून बिया खातं, जुलाब-उलट्या होतात. गरोदरपणी तर हे प्रयोग घरी करूच नयेत. वैद्याच्या हाती जे औषध आहे, ते वैद्याच्याच हाती राहू द्या.

आता इथे टेबलावर तीन ग्लास ठेवले आहेत, ते पाहा. मागच्या रांगेतल्यांनी उभं राहिलं तरी चालेल. तिन्हींत गरम पाण्यात भिजवलेल्या निळ्या फुलांचं पाणी आहे. पहिला तसाच राहू द्या. दुसऱ्यात लिंबू पिळतो. काय झालं? जांभळा झाला, आणखी पिळलं तर गुलाबीकडे जातो. तिसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा. हिरवट झाला. शाळेतली मुलं आम्ल आणि अल्क ओळखण्यासाठी लिटमसचा कागद वापरतात. हा प्रयोग बांधावरच्या फुलावर फुकट होतो. इथे विज्ञानाचे शिक्षक असतील, त्यांनी तो जरूर करून दाखवावा.

हा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा. जांभळात, वांग्याच्या सालीत त्याच घराण्यातली द्रव्यं असतात. पण जांभळाचा रंग पाण्यात लवकर उडतो, आणि निळा तर राहतच नाही. गोकर्णीत या द्रव्यांचे रेणू मोठे आणि एकमेकांना झाकून घेणारे असतात. जपानी संशोधकांनी ते वेगळे काढून त्यांना टर्नाटिन असं नाव दिलं. म्हणून गोकर्णीचा निळा टिकतो. पांढऱ्या गोकर्णीत हे द्रव्यच नसतं. ती पूजेला घ्या, रंगाला तिचा उपयोग नाही.

खाण्याच्या पदार्थात नैसर्गिक निळा रंग मिळणं जगभर कठीण आहे. लाल बीटातून मिळतो, पिवळा हळदीतून, केशरी शेंदरीच्या बियांतून. निळा कुठून आणायचा? थायलंड आणि मलेशियाच्या बायकांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. मलेशियाच्या केलांतान भागात नासी केराबू नावाचा निळा भात करतात, त्याचा निळा रंग या फुलाचा. थायलंडमध्ये पाहुण्यापुढे या फुलाचं गार सरबत ठेवतात, सोबत लिंबाची फोड. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं सप्टेंबर २०२१मध्ये गोकर्णीच्या फुलाच्या अर्काला खाद्यरंग म्हणून परवानगी दिली आणि मे २०२५मध्ये आणखी काही पदार्थांसाठी ती वाढवली. कृत्रिम रंगांपासून दूर जाण्याची हवा तिथे आहे, त्याचा हा भाग. पण चित्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनं २०२२मध्ये याच वाळलेल्या फुलांना नवं खाद्य म्हणून मान्यता देण्यावर सुरक्षिततेचे आक्षेप घेतले. ज्या कुणाला ‘युरोपात निर्यात करू, लाखाचा माल जाईल’ असं सांगून रोपं विकली जात असतील, त्यानं आधी हा आक्षेप विचारात घ्यावा.

युरोपानं आक्षेप कशामुळे घेतले? त्याचं कारण मोठं कुतूहलाचं आहे. या वेलीत सायक्लोटाइड नावाची अगदी लहान प्रथिनं असतात. साध्या प्रथिनाच्या साखळीला दोन टोकं असतात. या प्रथिनाची दोन्ही टोकं जोडलेली असतात, आणि आत पुन्हा गाठ बसलेली असते. त्यामुळे ते उकळून सहजी मोडत नाही, पचवणाऱ्या रसांनाही दाद देत नाही. शेंगवर्गात ही प्रथिनं सर्वांत आधी गोकर्णीतच सापडली, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांना, २०११ साली. वेल ती का बनवते? स्वतःच्या बचावासाठी. पानं कुरतडणाऱ्या अळीच्या आतड्यावर ती आघात करतात. कापसावरच्या बोंडअळीनं तिकडच्या शेतकऱ्याला किती छळलं, हे कापूस पिकवणाऱ्याला सांगायला नको. तिथे गोकर्णीच्या अर्कापासून केलेलं कीडनाशक २०१६ साली नोंदणी होऊन कापसासाठी बाजारात आलं. आणि सिंगापूरच्या नान्यांग तंत्रज्ञान विद्यापीठात गोकर्णीच्या शेंगांतून एक विकर वेगळं काढलं गेलं, २०१४ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. ब्युटिलेज असं त्याचं नाव. साखळीची टोकं जोडायचं काम तेच करतं, आणि इतक्या वेगानं करतं की प्रथिनांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांना ते हवंहवंसं झालं आहे. आपल्या कुंपणावर वाळून तडकणाऱ्या शेंगेतून!

इथे एक सूचना. हे ऐकून कुणी गोकर्णीचा पाला उकळून पंपात भरू नये. कारखान्यात तयार झालेल्या अर्काची तीव्रता मोजलेली असते. आपल्या डेगीतल्या काढ्याची नसते.

बंधू-भगिनींनो, आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

आपला हा अकलूज-माळीनगरचा भाग काय आहे? नीरेच्या डाव्या कालव्याला १८८५ साली पाणी सुटलं. उजवा कालवा पुढे आला, आणि त्यानं माळशिरस तालुक्याचं रूप पालटलं. १९३०च्या दशकात सासवडकडची माळी मंडळी इथे आली. फुलं आणि माळवं पिकवणारे हे हात. त्यांनी जमिनी घेतल्या, ऊस लावला, आणि स्वतःचा साखर कारखाना उभा केला. माळीनगर हे गावच त्यातून वसलं. शेतकऱ्यांनी स्वतः काढलेल्या कारखान्यांत त्याचं नाव पहिल्या ओळीत घेतात. पुढे शंकरनगरचा सहकारी कारखाना आला. नवं पीक धीटपणे घेणं, हे या भूमीच्या अंगात आहे. पण त्याच उसानं या काळ्या जमिनीकडून काय काय घेतलं? ऊस, खोडवा, पुन्हा ऊस. पाटाचं पाणी, युरियाची पोती, कुठे चोपण झालेले तुकडे. आणि त्याच तालुक्यात पिलीवकडच्या माळाला गेलात, तर चैत्र-वैशाखात दावणीला काय टाकायचं, हा प्रश्न. सोलापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास. एकाच तालुक्यात पाण्यानं दमलेली जमीनही आहे आणि पाण्यावाचून तहानलेलीही.

आता ऑस्ट्रेलियातला मध्य क्वीन्सलँड पाहा. तिथली माती कोणती? काळी, चिकण, उन्हाळ्यात भेगा पडणारी. आपलीच माती म्हणा ना. पीक कोणतं? ज्वारी आणि गहू. अनेक वर्षं धान्यामागून धान्य घेतलं आणि जमिनीतला नत्र खाली गेला. तेव्हा तिथल्या कृषी खात्यानं या काळ्या मातीसाठी शेंगवर्गातलं बहुवर्षी चारापीक शोधलं. पुष्कळ वेली तपासल्या. टिकली ती गोकर्णी. ‘मिल्गारा’ नावाचं तिचं वाण १९९०च्या दशकात तिथल्या शेतात गेलं. काही वर्षं गोकर्णीत गुरं चारायची, मग तीच जमीन नांगरून धान्य घ्यायचं. पुढच्या धान्याला नत्र मिळाला, गुरांचं वजन वाढलं. ती त्यांची झाली. आणि आपण मात्र कुंपणावरून फुलं तोडून पिंडीवर वाहत राहिलो. वाहावीत. पण वेल तिथेच थांबवू नये, एवढंच माझं सांगणं.

तिच्या मुळ्यांवर गाठी असतात. त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नत्र बांधतात. पाल्यातल्या कोरड्या वजनात साधारण १८ ते २५ टक्के प्रथिनं. लसूणघासाच्या जवळपास. लसूणघासाला पाणी किती लागतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि ओला लसूणघास एकदम जास्त टाकला की गुराचं पोट फुगतं, हेही ठाऊक आहे. गोकर्णीनं पोटफुगी होत नाही. गुरं आवडीनं खातात, शेळ्या तर तुटून पडतात, घोडी खातात. अकलूजच्या घोडेबाजारात येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मूळ खोल जातं, म्हणून पाऊस संपल्यावर पाच-सहा महिने कोरडे गेले तरी बुडखा मरत नाही; पाऊस पडला की पुन्हा फुटतो. झाशीच्या भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्थेत आणि जोधपूरच्या शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत या वेलीवर काम झालेलं आहे. तेव्हा हे माझं एकट्याचं वेड नव्हे.

लावायची कशी? बी घट्ट सालाचं असतं. तसंच टाकलं तर थोडं उगवतं, थोडं वर्षभर मातीत पडून राहतं. म्हणून बी वाळूबरोबर हलकं चोळावं, किंवा कोमट पाण्यात रात्रभर भिजवावं. जे फुगेल ते पेरावं. चवळीचं जिवाणू खत हिलाही चालतं, ते बियाला चोळा. पहिल्या चांगल्या पावसानंतर वाफसा आला की उथळ पेरा, दोन-तीन सेंटीमीटरच्या खाली नको. पाणी साचणारी जागा टाळा. काळी जमीन चालते, पण उभं पाणी तिला मारतं. ऊन भरपूर हवं. सुरुवातीचा महिना-दीड महिना ती सावकाश वाढते, तेवढ्या दिवसांत खुरपणी चुकवू नका. तण वर गेलं की वेल दबते, आणि मग लोक म्हणतात, आमच्याकडे येत नाही. एकदा धरली की तीच तणाला झाकते.

चाऱ्यासाठी ती गवताबरोबर लावणं मला सर्वांत पटतं. गिनी गवत किंवा अंजन गवताच्या दोन ओळींत एक ओळ गोकर्णीची. वेलीला चढायला गवताचा आधार मिळतो, गवताला नत्र. फुलावर येताना कापा, वीतभर बुडखा ठेवून. मोकळ्या चराईला सोडायची असेल तर गुरं आळीपाळीनं फिरवा. शेंडे सतत खुडले गेले तर ती तग धरत नाही. जिथे गवतही नको, तिथे बांध आहे. विहिरीचा कठडा, गोठ्याची ताटी, तुरीच्या वाळक्या काठ्या. जागा अडत नाही.

आणि फुलं? फुलांचं शेत करायचंच असेल, तर दोडक्या-कारल्यासारखी बांबू-तारेची ताटी उभी करा, गडद निळं, शक्यतो दुहेरी पाकळीचं बी घ्या. पेरल्यापासून दीड-दोन महिन्यांत फुलं लागतात. फूल एका दिवसाचं. सकाळी उमलतं, सकाळीच तोडायचं, सावलीत किंवा कमी उष्णतेच्या यंत्रात वाळवायचं. कडक उन्हात निळेपणा जातो. ताज्या फुलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. म्हणजे एक किलो वाळका माल हवा, तर दहा किलोंच्या आसपास ताजी फुलं एकेक करून हातानं खुडायची, रोज, न चुकता. मोगरा लावणाऱ्यांना हा हिशोब कळेल. तोडणारे हात कुणाचे? बायकांचे. त्यांची मजुरी धरा, वाळवणीचीही धरा, आणि माल घेणारा आधी नक्की करा. मगच तारेचा खर्च करा. ज्याच्या घरात चार माणसं आणि दोन-पाच गुंठे रिकामे आहेत, त्यानं करून पाहावं. ऊस मोडून एकरभर निळा चहा लावावा, असं मी इथे उभा राहून कुणालाही सांगणार नाही. एकरभर चारा मात्र सांगेन, आणि जोर देऊन सांगेन.

बी कुठून आणायचं, हा प्रश्न आत्ताच दोन-तीन चेहऱ्यांवर दिसतो आहे. बाहेर फार शोधू नका. या दिवसांत कुंपणावरच्या शेंगा चपट्या, तपकिरी होऊन वाळत आल्या आहेत. त्या तडकण्याआधी, सकाळी दहिवर असताना तोडा, कापडावर पसरा, वर दुसरं कापड झाका, नाहीतर बी उडून कोपऱ्यात जातं. निळ्या आणि पांढऱ्या वेलीचं बी वेगळं ठेवा. राखेत घालून कोरड्या बरणीत भरा. मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवू नका. मे महिन्याच्या शेवटी वीस-पंचवीस बिया ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण तपासा. अर्ध्याहून कमी फुटल्या, तर बाकीच्या चोळून घ्या. सभागृहाबाहेरच्या टेबलावर निळ्या दुहेरी गोकर्णीच्या काही पुड्या ठेवल्या आहेत, घरटी एक घ्यावी. आता कुणाला विचारायचं असेल तर वेळ आहे, मी थांबलो आहे.